आधी हात मोजा, मग गुंठे

भाजीचा मळा करायचा म्हणून सल्ला विचारायला येणारी तरुण मुलं आधी जमीन सांगतात. दीड एकर आहे, विहिरीला पाणी आहे, ठिबक करून घेतलंय, काय लावू? मी उलट विचारते, तोडायला कोण आहे? त्यावर बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. एखादा म्हणतो, ‘बघू, मिळतील बाया.’ त्या ‘बघू’वर हंगामच्या हंगाम गेलेले मी पाहिलेत, आमच्या रानातही आणि बांधापलीकडेही.

जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या पाण्यावर भिजणाऱ्या भागात आमचा लहानसा मळा आहे. लग्न करून आले तेव्हापासून मी या मळ्यात खुरपलंय, तोडलंय, जुड्या बांधल्यात, कॅरेट भरलेत आणि रात्री बाजाराच्या पट्ट्या वाचून हिशेब लिहिलाय. एवढ्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. छोट्या मळ्यात किती लावायचं, हे तोडणीवरून ठरवावं. पेरणी एक माणूस एका दिवसात उरकतो, पाणी ठिबक देतं, खत टाकीतून जातं. पण भेंडीची एकेक शेंग, गवारीचा एकेक झुबका माणसाच्या हातानेच निघतो, आणि तो ठरल्या दिवशीच निघावा लागतो.

पीक चांगलं होतं, गेलं तोडणीत

त्या साली कालव्याचं आवर्तन वेळेवर मिळालं होतं. फेब्रुवारीत थंडी ओसरल्याबरोबर वीस गुंठ्यांत भेंडी टोकली आणि लगतच्या पट्ट्यात गवार. उगवण एकसारखी झाली. पांढरी माशी आटोक्यात होती, त्यामुळे हळद्याही कुठे दिसत नव्हता. मार्चच्या शेवटी तोडे सुरू झाले तेव्हा रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघावा असं पीक उभं होतं.

नेमका तेव्हाच शिवारातला रब्बी कांदा काढायला आला. आमच्याकडे कांद्याची काढणी आणि काटणी उक्ती देतात. एकरावर पैसे ठरतात, टोळी जितक्या लवकर रान मोकळं करील तितकी प्रत्येकीची कमाई वाढते. भाजी तोडायला मात्र रोजावर यायचं. टोळीच्या मुकादमीण मावशींनी मला स्वच्छ सांगितलं, ‘वहिनी, तुमची भेंडी परवा बी येईल. हे उक्तं परवा नाय मिळायचं.’ त्यांचं काही चुकत नव्हतं. वर्षातले तेवढेच दिवस त्यांच्या हाती चार पैसे जास्त पडतात.

पण भेंडी परवापर्यंत थांबत नाही. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत शेंग तोडणीला येते आणि उन्हाळ्यात एका दिवसाच्या उशिराने निबर होते. शेंगेचं टोक वाकवून बघायचं. टचकन मोडलं तर कवळी, नुसतं वाकलं तर ती गिऱ्हाइकाच्या कामाची राहिली नाही. एक तोडा चुकला की तेवढ्या शेंगा गेल्या, इतक्यावर नुकसान थांबत नाही. निबर शेंगा अंगावर राहिल्या की झाड बी पोसायला लागतं आणि नवी कळी कमी येते. म्हणजे पुढचे तोडेही हलके होतात. घरच्या माणसांनी उजाडल्यापासून जेवढं निघेल तेवढं काढलं, पण वीस गुंठ्यांच्या एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा तोडणीला आलेलं असायचं. त्यात घाईने भरलेल्या मालात मूठभर जून शेंगा गेल्या तरी व्यापारी अख्ख्या डागाचा भाव पाडतो. आम्ही त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

गवारीचे हाल त्याहून वाईट झाले. ती अर्धीअधिक झाडावरच वाळली, उरलेली गुरांपुढे गेली. रोग नाही, कीड नाही, पाण्याची ओढ नाही, भावही बरा होता. तरी ते रान मुदतीच्या आधी मोडावं लागलं.

कोणतं पीक किती थांबतं

तेव्हापासून मी भाज्यांची वेगळी विभागणी करते. फळभाजी, पालेभाजी, शेंगवर्गीय ही पुस्तकातली विभागणी ठीकच आहे. मळा चालवायला मात्र एवढंच विचारायचं असतं की पीक तयार झाल्यावर माणसासाठी किती दिवस थांबतं.

पहिला गट न थांबणाऱ्यांचा. भेंडी आणि गवार एक दिवसाआड, काकडी तर ऐन भरात रोज. काकडी वेळेवर काढली नाही तर पिवळी पडते, बी धरते आणि वेलाचा जोर खाते. चवळीच्या कवळ्या शेंगाही याच गटातल्या.

दुसरा गट दोन-चार दिवसांची सवड देणाऱ्यांचा. दोडका, दुधी, कारली आणि टोमॅटो. टोमॅटोत आणखी एक सोय आहे. लांबच्या बाजाराला जायचा माल फळावर लाली फुटू लागली की तोडतात, जवळच्या बाजाराला थोडा अधिक रंगलेला चालतो. म्हणजे एखादा दिवस इकडेतिकडे करता येतो.

तिसरा गट आठवड्याच्या अंतराने बोलावणाऱ्यांचा. वांगी पाच-सात दिवसांनी, हिरवी मिरची आठ-दहा दिवसांनी. मिरचीचा तोडा मात्र फार किचकट, माणूस दिवसभर वाकून बसतं आणि पोतं भरत नाही.

चौथा गट खऱ्या अर्थाने थांबणाऱ्यांचा. कोबीचा गड्डा काही दिवस रानात राहतो, फक्त त्या दिवसांत पाणी जास्त झालं तर फुटतो. बीट, गाजर जमिनीत थोडे दिवस कळ काढतात. लाल भोपळा आणि सुरण तर घरात आणून ठेवले तरी चालतात. फ्लॉवर कोबीच्या जातीचा असला तरी त्याला या गटात धरू नका. त्याचा गड्डा पिवळा पडून सुटायला वेळ लागत नाही.

मेथी-कोथिंबिरीची तऱ्हा निराळी. ती एकदाच उपटायची असते, पण तो सगळा उपसा एका दुपारी आणि संध्याकाळी करायचा. उपटायची, माती झटकायची, जुड्या बांधायच्या आणि रात्रीच्या गाडीला लावायची. म्हणून पालेभाजीचं रान कधीही एकदम पेरू नये. दोन-तीन गुंठ्यांचे वाफे आठ-आठ दिवसांच्या अंतराने टाकावेत. घरच्या चार माणसांनी एका दिवसात उरकेल एवढाच वाफा. धने फोडून, दोन डाळी वेगळ्या करून पेरले की उगवण सारखी होते आणि वाफा एकाच दिवशी तयार होतो, हे त्यात महत्त्वाचं.

आता थोडा हिशेब. भेंडी तोडायला बसलेली सराईत बाई सकाळच्या चार तासांत पंचवीस-तीस किलो काढते. दहा गुंठ्यांतून ऐन भरात एका तोड्याला साठ-सत्तर किलोपासून शंभर किलोपर्यंत माल निघतो. म्हणजे दहा गुंठ्यांना दिवसाआड तीन-चार बाया हव्यात. एकराला बारा ते सोळा. तुमच्या वाडीत दिवसाआड, सलग दीड-दोन महिने, चौदा बाया येतील का? येणार नसतील तर एकरभर भेंडी लावणं म्हणजे एक चतुर्थांश विकायला आणि बाकी निबर करायला लावणं.

याच हिशेबातून दुसरा आकडा निघतो. सकाळपाळीचा रोज अडीचशे धरला आणि बाईने पंचवीस किलो काढली, तर किलोला दहा रुपये नुसती तोडणी झाली. त्यावर बारदान, गाडीभाडं, हमाली आणि तोलाई. तुमच्या गावचा रोज आणि तुमच्या टोळीची चाल घालून हा आकडा स्वतः काढा. भाव त्याच्याही खाली गेला की माल पाठवायचा की झाड मोकळं करायचं, हा निर्णय तिथल्या तिथे घेता येतो. गवारीचं वजन त्याच वेळात भेंडीच्या निम्मंही भरत नाही. बाजारात गवार महाग दिसते त्याचं मोठं कारण हेच आहे. तो भाव शेतकऱ्याच्या खिशात जाण्याआधी तोडणीत जातो.

मजुरांचं पंचांग

आमच्या भिंतीवर कालनिर्णय आहे आणि त्याच्या तारखांवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या खुणा बाया कधी मिळणार आणि कधी नाही, याच्या. आमच्या भागातलं हे पंचांग असं आहे. तुमच्याकडे पिकं वेगळी असतील, पण चाल हीच.

मृग निघाला, म्हणजे जूनची सात-आठ तारीख उलटली, की सगळे पेरणीच्या मागे लागतात. जुलैत तालुक्याच्या पश्चिमेला, घाटाकडच्या आदिवासी पट्ट्यात भाताची आवणी सुरू होते. तिकडून येणाऱ्या बाया आपल्या खाचरात जातात. त्या दिवसांत न थांबणारं पीक भरात असलं तर अडचण येते. म्हणून पावसाळी भेंडी मी जूनच्या मध्यानंतर टोकते. तिचा पहिला तोडा पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, म्हणजे ऑगस्टात येतो. तोवर आवणी आटोपलेली असते. शिवाय श्रावण लागलेला असतो, घरोघरी भाजीचा खप वाढलेला असतो. पुढे भाद्रपदात पितृपंधरवडा येतो. पानात गवार, भेंडी, कारली लागतात आणि त्यांचे भाव चढतात. पण त्या पंधरा दिवसांकडे डोळे लावून सगळं रान गवारीला देऊ नका. तेवढेच दिवस तोडणीला हात मिळाले नाहीत तर चढलेला भाव नुसता ऐकायला मिळतो.

ऑक्टोबरात दोन ओढाताणी एकत्र येतात. नारायणगावच्या भागात द्राक्षांची छाटणी सुरू होते, आणि पश्चिमेकडे भात कापणीला येतो तो नोव्हेंबरापर्यंत चालतो. मध्ये दसरा-दिवाळी. दिवाळीत बाजार बंद असतो, टोळी सुट्टीवर असते, वेल मात्र सुट्टी घेत नाही. म्हणून दिवाळीच्या आठवड्यात भरात येईल अशी काकडी मी लावत नाही. त्या वेळेला झेंडू काढणीला आलेला असावा. तो दसऱ्या-दिवाळीला विकला जातो, आणि टोमॅटोच्या ओळींत मधून मधून लावला असेल तर फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग आपली अंडी त्याच्याकडे वळवतो.

डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण. पुन्हा उक्तं काम, पुन्हा टोळ्या तिकडे. थंडीत भेंडीची उगवण तशीही नीट होत नाही, त्यामुळे हा काळ वांगी, कोबी, गाजर, बीट, मेथी यांचा. वांग्याला एक आतला आधार आहे. चातुर्मासात बऱ्याच घरांत वांगं वर्ज्य असतं ते चंपाषष्ठीला भरीत-रोडगा करून सुटतं. त्यानंतर भोगी येते, तिथेही वांगं लागतंच. आणि आठवड्याने एकदा तोडायचं असल्यामुळे कांद्याच्या लागणीतून एक दिवस टोळी मागून घेता येते.

मार्च-एप्रिल सगळ्यांत अवघड. कांद्याची काढणी, गावोगावच्या चैत्री यात्रा, पाठोपाठ लग्नसराई, आणि घाटाकडच्या बाया बाळहिरडा गोळा करायला रानात. नेमका याच वेळी उन्हाळी भाजीला भाव असतो, म्हणून प्रत्येकाला मोह होतो. उन्हाळी भेंडी करायचीच असेल तर घरच्या हातांनी निघेल एवढीच करा. आमच्याकडे आता ती पाच-सहा गुंठ्यांच्या वर जात नाही. उरलेल्या रानात दुधी, लाल भोपळा असे सोशिक वेल असतात, नाहीतर हिरवळीचा ताग टाकून जमीन मोकळी ठेवते. मोकळ्या जमिनीकडे बघून जीव तुटतो, मला कबूल आहे. पण निबर भेंडीच्या रानात खताचे, बियाण्याचे आणि औषधाचे पैसेही गेलेले असतात.

फवारणीची तारीखही तोडणीवरून

दिवसाआड तोडायच्या पिकावर औषध मारायचं म्हणजे नाजूक काम. प्रत्येक औषधाच्या डब्याबरोबरच्या पत्रकावर, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये ते छापलेलं असतं. तीन दिवस लिहिलं असेल आणि तुमचा तोडा परवा असेल, तर परवाचा तोडा विकायचा नसतो. तोडून खड्ड्यात टाकायचा असतो. गुरांनाही घालायचा नाही, कारण ते विष दुधातून घरातच परत येतं. पिकाच्या भरात हे कुणाला परवडत नाही, म्हणून मग बरेच जण पत्रकच वाचत नाहीत.

त्यावर उपाय वेळापत्रकात आहे. तोडा सकाळी पुरा करा, करंगळीएवढ्या शेंगाही काढून घ्या आणि त्याच संध्याकाळी फवारणी करा. संध्याकाळी मधमाश्याही फुलांवर नसतात. तोडे सुरू झाल्यावर कमी मुदतीची औषधं आणि पाच टक्के निंबोळी अर्क यांवर भागवा. पाच किलो निंबोळी कुटून शंभर लिटर पाण्याला, एवढं सोपं प्रमाण आहे. जहाल औषधाची खरंच गरज असेल तर ती कळी लागण्याआधी. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत सौम्य. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला २००५ पासून बंदी आहे, तरी ‘थोडंसं मारा, भेंडी चकाकते’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याचं ऐकू नका.

तोडणाऱ्या बायांचा विचार यात कुणी करत नाही. फवारलेल्या रानात सकाळी त्याच ओल्या पानांत हात घालतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ती बातमी सगळ्यांनी वाचली. भाजीच्या रानात एकदम इतकं घडत नसेल, पण डोकं दुखणं, मळमळणं, हाताला फोड येणं हे होतच असतं. फवारणी कधी झाली ते टोळीला सांगणं हे मालकाचं काम आहे. मी मळ्याच्या तोंडाशी पाटीच लावते.

भाव दिसतो तेव्हा लागवड करू नका

२०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. गावागावांत त्याच गप्पा. ज्यांच्याकडे तेव्हा माल होता त्यांचं सोनं झालं. आणि तो भाव बघून ज्यांनी रोपं टाकली त्यांचा माल कधी आला? रोपवाटिकेत पंचवीस-तीस दिवस, लागणीपासून पहिल्या तोड्याला साठ-सत्तर दिवस. जुलैतल्या भावाने हुरळून लावलेला टोमॅटो दसऱ्याच्या आसपास येतो, आणि भाव सप्टेंबरातच कोसळले होते. तोवर जूनमध्ये लावलेला माल सगळीकडून बाजारात उतरला होता.

भावाचं हे चक्र सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पोटातला मजुरीचा भाग कुणी बोलत नाही. सगळ्यांनी एकदम लावलं की सगळ्यांची तार-काठी एकदम उभी राहते, बांधणी एकदम येते आणि तोडाही एकदम. रोज वाढतो, टोळ्या पळवापळवी सुरू होते. म्हणजे विकायचा भाव पडत असताना तोडायचा खर्च चढत असतो. छोटा शेतकरी दोन्हींच्या मधे सापडतो. टोमॅटो तोडायला हलका आहे हे खरं, पण त्याची मजुरी आधी बांधणीत जाते. सुतळीने आठ-दहा दिवसांनी फांद्या उचलून बांधल्या नाहीत तर फळ मातीला टेकतं, करपा खालून वर चढतो. टोमॅटो लावायचा तर बांधणीचे हात धरून मोजा.

बाजाराबद्दल एवढं लक्षात ठेवा. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. तेव्हा पट्टी हातात आली की हमाली, तोलाई, भाडं यांच्या रकान्यांखाली आणखी कसली कपात आहे का ते वाचा, आणि असेल तर विचारा. शांतपणे विचारणाऱ्याची पट्टी पुढच्या वेळी नीट येते, असा माझा अनुभव आहे. आणि पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या दिवशी किती बाया होत्या ते लिहून ठेवा. महिन्याने त्या पट्ट्या एका ओळीत मांडल्या की कोणत्या भाजीने मजुरी सोडून काय दिलं, ते दिसतं. मोठ्या विक्रीच्या भाजीने कित्येकदा सगळ्यांत कमी दिलेलं असतं.

टोळी कशाने टिकते

रोज दहा रुपयांनी वाढवला की बाया येतात, असं वाटतं. येतात, पण पुढच्या बांधावर वीस वाढवले की जातात. वर्षानुवर्षं त्याच बाया आमच्याकडे येतात, त्याची कारणं मी त्यांनाच विचारली आहेत.

पहिलं कारण, पैसे त्याच आठवड्याला. भाव पडला, पट्टी आली नाही, व्यापाऱ्याने थकवलं, हे आमचं दुखणं. त्यांच्या हजेरीशी त्याचा संबंध नाही. दुसरं, वर्षाची खात्री. कांद्याचं उक्तं चार आठवड्यांचं असतं. मी मुकादमीण मावशींना जूनमध्येच सांगते की कोणत्या महिन्यात आठवड्यातून किती दिवस, किती जणी लागतील. त्याबदल्यात कांद्याच्या दिवसांत मी फक्त दोघींची मागणी करते. तिसरं, बसायला सावली, प्यायला चांगलं पाणी आणि आडोसा. रानात बाथरूम बांधायचा खर्च एका बिघडलेल्या तोड्याएवढाही नसतो. चौथं, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट. भेंडीच्या बारीक लवेने हात आणि मनगटं दिवसभर खाजत राहतात. ज्याने कधी तोडली नाही त्याला ती खाज कळत नाही.

जुन्नरात आणखी एक गोष्ट सांगावी लागते, बिबट्या. उसाच्या फडांमुळे त्याचा वावर मळ्यांपर्यंत आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरूनच काय ते समजा. भाजी पहाटे तोडली तर टवटवीत राहते, पण उसाला लागून असलेल्या रानात नीट उजाडल्याशिवाय कुणालाही वाकू देऊ नका. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. एकटीला कडेची ओळ देऊ नका, बायांची लेकरं बांधावर झोपवू देऊ नका, आणि त्यांच्यासाठी घराच्या पडवीत जागा करा. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असेल तर पाणी धरायलाही एकट्याने जाऊ नये.

आणि सावड विसरू नका. शेजारच्या दोन-तीन घरांनी ठरवून लागवडीच्या तारखा दहा-बारा दिवसांनी मागेपुढे केल्या, तर आज माझ्या रानात आठ हात, परवा तुमच्यात. पूर्वी खळ्यावरच्या कामात सावड होती, भाजीत आपण ती सोडून दिली. आमच्या वस्तीवर ती पुन्हा सुरू झाली तेव्हापासून ऐन यात्रेतही तोडा चुकलेला नाही.

पहिल्या वर्षासाठी

आता नव्याने मळा करणाऱ्यांना सरळ सांगते. घरात रोज सकाळी रानात येणारी माणसं किती, हे प्रामाणिकपणे मोजा. पाहुणा भाऊ आणि शनिवार-रविवारी पुण्याहून येणारा मुलगा त्यात धरू नका. दिवसाआड तोडायचं पीक एका वेळी एकच ठेवा. ते माणशी तीन गुंठ्यांच्या वर नको. त्याच्या जोडीला वांग्यासारखं आठवड्याचं एक पीक, दर आठवड्याला पालेभाजीचा एक छोटा वाफा, आणि उरलेल्या रानात थांबणारं काही. एक पट्टा मोकळा राहिला तर राहू द्या. शेजारी हसतील, हसू द्या.

बियाण्याच्या दुकानात जाण्याआधी पंचांग उघडा. पेरणीच्या तारखेत पहिल्या तोड्याचे दिवस मिळवा, पुढे तोडे चालतील तेवढ्या आठवड्यांवर पेन्सिलीने रेघ ओढा. ती रेघ कांद्यावरून, भातावरून, दिवाळीवरून किंवा तुमच्या घरातल्या लग्नावरून जात असेल तर पेरणी पुढेमागे करा, नाहीतर गुंठे कमी करा. एवढं करायला चहा पिण्याइतका वेळ लागतो.

दुसऱ्या वर्षी वाढवायचं का, हे वहीला विचारा. वर्षभरात एकही तोडा चुकला नसेल आणि टोळीने आपण होऊन ‘वहिनी, अजून काम आहे का’ असं विचारलं असेल, तर पाच गुंठे वाढवा. दोन्हींतलं एक जरी झालं नसेल, तर पाणी कितीही असो, आहे तेवढंच नीट तोडा.